नूरबानूची डंपलिंग

बुधवार पेठेत कादरभाई अत्तार यांचं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं दुकान आहे. माल आणायला ते वर्षातून दोनदा चीनला, ग्वांगझौला जात. तिथल्या बाजारामागच्या गल्लीत एक चिनी मुसलमान कुटुंब छोटं हॉटेल चालवायचं. हलाल जेवण शोधत कादरभाई पहिल्यांदा तिथे पोचले आणि वाफवलेल्या डंपलिंगच्या प्रेमातच पडले. मोदकासारख्या चुण्या, पातळ पारी, आत मटणाचा खिमा आणि गरम रस्सा. कडेला बारीक भोक पाडून आधी रस्सा ओढायचा, मग उरलेलं तोंडात टाकायचं.

घरी आले की ते बायकोला, नूरबानूला, त्याचं वर्णन ऐकवत.

"एकदा मलाही न्या की," ती म्हणायची.

"पुढच्या खेपेला."

तिचा पासपोर्टही काढून झाला. एकही शिक्का न पडता त्याची दहा वर्षांची मुदत संपली.

शेवटी नूरबानूने घरीच करायचं ठरवलं. चुण्या घालायला ती शेजारच्या गोदाबाईंकडे शिकली. पारीत रस्सा भरायचा कसा, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. एकदा फ्रिजमधला बकऱ्याच्या पायांचा रस्सा वडीसारखा थिजलेला तिने पाहिला. त्याचे तुकडे करून तिने खिम्यात मिसळले. वाफेवर ते आतल्या आत वितळले. मुलगी रुमाना सात-आठ खाऊन उठली.

कादरभाईंनी दोन खाल्ली. "बरी झालीत. पण तिथली चव वेगळीच."

नूरबानूने आणखी चार वेळा केली. दर वेळी तेच ऐकल्यावर नाद सोडला.

२०२१ च्या साथीत ती आजारी पडली. वाचली, पण वास आणि चव गेली ती परत आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. त्यात साडेचार वर्षं गेली. मग रुमानाने नवा पासपोर्ट, व्हिसा सगळं करून दोघांची तिकिटंच हातात ठेवली.

हॉटेल तसंच होतं. मालकीणबाईंनी कादरभाईंना ओळखलं. डंपलिंगची टोपली आली. कादरभाईंनी एक सावकाश खाल्लं, दुसरं घेतलं आणि थांबले.

"काय झालं?" नूरबानूने विचारलं.

"तुझी याहून चांगली व्हायची."

तिने तोंडातला घास संपवला. "मला आता नुसतं गरम लागतंय. माझी चांगली होतात, हे तेव्हा कळलं नव्हतं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं." कादरभाईंची मान खाली होती. "इथली गोष्ट मी येऊन सांगायचो, तुम्ही दोघी ऐकायचात. तेच तू घरात करून दाखवलंस, मग माझ्याजवळ सांगायला काय उरलं? मला ते सोसलं नाही."

काचेपलीकडे एक बाई चुण्या घालत होती. तिचे हात बघता बघता नूरबानूची बोटंही टेबलावर हलली.

पुण्याला परतल्यावर कादरभाईंनी विचारलं, "पुन्हा करशील?"

"मीठमसाला कोण चाखून बघणार?"

"मी सांगेन ना."

"तुमच्या सांगण्यावर कसं जाऊ मी?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं.

कादरभाई अजूनही माल आणायला जातात. त्या गल्लीत मात्र पाऊल टाकत नाहीत. केळी आणि पाव विकत घेऊन खोलीवर खातात.