आजकाल असं कोणी मारत नाही

शकीलाआपा नसत्या तर मी त्या पायऱ्यांवरच पडून राह्यली असती. म्हणून आधी त्यांचं नाव. खामगावात त्या ब्लाउज शिवतात. दुपारी मशीन थांबवून एक गोष्ट मोबाइलवर वाचतात आणि तो आवाज गोष्टींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. मी सातवीत शाळा सोडलेली, यवतमाळकडून इथं घरकामाला आलेली. भांडी घासता घासता ऐकायची. मले ग्रुपमध्ये त्यांनीच घेतलं.

त्या दिवशीची गोष्ट एका स्वयंपाकणीची. मालकीण तिचा हात तव्यावर दाबते. खाली अभिप्राय. 'हृदयस्पर्शी.' 'डोळे पाणावले.' मग एक: 'शेवट भडक. आजकाल असं कोणी मारत नाही.'

लिहिणारं कोण, पाह्यलंच नाही. बटण दाबून बोलली, 'मारतात ताई. मले लाटण्यानं मारतात. गोष्टीतली रडते. मी रडत नाही. रडलं का अजून पडते.'

थोड्या वेळानं माझ्या बाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या मोबाइलमधून माझाच आवाज. तो 'भडक'वाला अभिप्राय त्यांचा होता.

"माझं खाऊन माझीच बदनामी? शिकलीस किती गं तू, गोष्टीवर बोलायला?"

लाटणं. मनगटावर. मग कानामागं. केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. तोंडात रक्त.

मालक दारात आले. "आवाज बाहेर जाऊन राह्यला," एवढंच बोलले. खिडकी लावून घेतली.

बाईंनी माझा मोबाइल माझ्या हातात कोंबला. "सांग सगळ्यांना, मी खोटं बोलली."

बटण दाबलं. घर दूर. झोपायची खोलीही यांचीच. हाकललं तर जायचं कुठं?

'मी...' म्हटलं.

"बोल ना वं, भिकारडे!"

खाडकन बसलं. बोट बटणावरच होतं.

'ऐकलं का? हेच ते लाटणं. गोष्ट खरी आहे.'

बोट उचललं. आवाज ग्रुपवर गेला.

बाईंनी मले पायऱ्यांवरून ढकललं. ग्रुपवरचा तो आवाज ऐकून आपा रिक्षा घेऊन धावत आल्या, उचलून घरी नेलं. ग्रुपवर तोवर एकानं लिहिलं होतं, 'इथे फक्त साहित्यावर बोलावे.'

मनगट सुजलं आहे, डाव्या हातानं लिहून राह्यली. उद्या पोलीस ठाण्यात जाणार, तो आवाज ऐकवणार. भीती आहे. तरी जाणार. यापुढं माझ्यावर उचललेला हात मी धरणार. मोडला तर मोडला.

आपा, बाईंच्या घरचे सारे ब्लाउज तुमच्याकडं येतात. तरी साक्षीले येतो म्हणाल्या. हे मी एक दिवस फेडीन. नक्की फेडीन.