बिब्ब्याचे दोन डाग

भूतखेत, करणी, भगत... यातलं काहीच मी मानत नाही, आजही नाही. शहापूरला सीटी स्कॅनच्या मशीनवर बारा वर्षं काढलीत. स्क्रीनवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही — एवढाच माझा देवधर्म. तरी हे एकदा लिहून मोकळा होतो.

माझी धाकटी बहीण शेणव्याला दिलेली. तीन वर्षांपूर्वी तिचा चेहरा गोल व्हायला लागला, पोट सुटलं, हातपाय मात्र काटकुळे. बीपी, शुगर. शेजारणी म्हणायच्या, "सासर मानवलं हो हिला." पुढे मुंबईत निदान झालं — शरीरात कुठेतरी बारीकशी गाठ आहे आणि तिच्यामुळे हार्मोन भलतंच वाढलंय. पण कुठे, ते सापडेना. डोक्याचा एमआरआय स्वच्छ. छातीचा सीटी मीच काढला. मला काही दिसलं नाही, रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

त्याच आठवड्यात ती टोकावड्याला माहेरी गेली, तर आईने बिब्बा तापवून तिच्या पाठीवर दोन डाग दिले. एक डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, एक उजवीकडे, शेवटच्या बरगडीवर. मी भडकलो. या आजारात कातडी कागदासारखी होते, जखम भरत नाही.

"आई, तिची पाठ दुखतच नव्हती. मग तिथं का?"

"नाय दुखत, माहीत हाय मला. हात फिरवीत होते, तिथं थांबला."

"थांबला म्हणजे?"

"थांबला रे. आता तुला कसा सांगू?"

मी न जेवताच निघालो. महिनाभरात आई हार्टने गेली.

नंतर बहिणीचा वेगळा पेट स्कॅन झाला. त्यात इंजेक्शनचं औषध अशा गाठीलाच जाऊन चिकटतं आणि ती जागा उजळते. डाव्या फुप्फुसात, मागे, एक ठिपका उजळला. मी जुना सीटी पुन्हा उघडला... होता. रक्तवाहिनीला लगटून, तुरीच्या दाण्याएवढा. माझ्या डोळ्यांखालून गेला होता.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन पाठीवर मार्करने खूण करायला आले आणि थबकले. "इथे आधीच खूण कोणी केली?"

बहीण म्हणाली, "आयनी."

गाठ निघाली. चेहरा पुन्हा तिचा झाला. योगायोग म्हणा, मीही म्हणतो. पण अशी गाठ पसरली तर पुष्कळदा लिव्हरमध्ये जाते. आणि दुसरा डाग बरोबर लिव्हरवर आहे... हे बहिणीला मी सांगितलेलं नाही. आईला विचारायची सोय नाही.

दर सहा महिन्यांनी तिचा स्कॅन होतो. फुप्फुस मी नंतर बघतो. टेबलावरून उठता उठता ती विचारते, "दादा, काय दिसला का?"

"नाय गो," मी म्हणतो. पण स्क्रीन काही मला बंद करवत नाही.