एक रन शॉर्ट

आप्पा पट्टणशेट्टी एकटेच दोन आवाजांत बोलतात, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आप्पांना.

मैदानाच्या पश्चिमेला पत्र्याच्या शेडखाली स्कोअररचं टेबल आणि दोन खुर्च्या. दोन स्कोअरर, दोन वह्या आणि दोघांचा सतत ताळा, अशी रीत. उजव्या खुर्चीवर आप्पा. डावीवर सव्वीस वर्षं ज्ञानू बसला. दोघेही मूळचे गुळाच्या अडतीतले. आप्पा मापाडी, ज्ञानू लिहिणारा. काट्यावर गूळ चढला की आप्पांनी वजन पुकारायचं, ज्ञानूनं तेच परत म्हणायचं आणि मगच लिहायचं. हीच सवय दोघांनी मैदानावर आणली.

"सत्तावीसला दोन."

"सत्तावीसला दोन."

मग दोन्ही पेनं एकदम खाली.

दोन वर्षांपूर्वी ज्ञानू गेला आणि डावी खुर्ची रिकामी राहिली. आप्पा आकडा पुकारत राहिले, पण उत्तर आल्याशिवाय त्यांचं पेन चालेना. कधीतरी ते स्वतःच उत्तर द्यायला लागले. जरा नाकात, ज्ञानूसारखं. ते केव्हा सुरू झालं हे त्यांना कळलं नाही, कारण सांगणारं कुणी नव्हतं. लग्न झालेलं नव्हतं. बाजारामागच्या खोलीवर कुलूप आप्पाच लावत आणि आप्पाच काढत. रविवारी मैदानावर जे काही बोलणं होई, त्यावर पुढचा आठवडा निघे.

क्रिकेट मंडळाचा अंपायर-स्कोअररचा वर्ग आप्पाच घ्यायचे. यंदा अंपायरिंगला चौदा जण आले आणि स्कोअरिंगला एकटी स्नेहल साळोखे. गावच्या दूध संस्थेत सकाळी येणाऱ्या दुधाचं फॅट मोजायची आणि तिथून तशीच एसटीनं यायची.

मंडळाचे सेक्रेटरी अमरसिंह वर्गाच्या दारातच बोलले. "आप्पा, हे शेवटचं वर्ष बघतोय. मोबाईलवर एक माणूस सगळं करतोय आता. ही पोरगी परीक्षेला टिकली तर टेबल ऱ्हाईल. न्हाय टिकली तर दोन्ही खुर्च्या उचलून हापिसात नेणार."

"टिकंल की," आप्पा म्हणाले.

"तुमच्या हाताखाली? मागल्या वर्षीची दोघं तिसऱ्या दिवशी पळाली."

"त्यास्नी पाढे येत नव्हते."

स्नेहलला पाढे येत होते. शिवाय तिला प्रश्न फार पडायचे.

"अंपायरनं खूण केली. तू काय करणार?" आप्पांनी विचारलं.

"लिहिणार."

"न्हाय. आधी हात वर. तुला दिसलं, हे त्याला दिसाय पायजे. तोवर तो फुडचा बॉल टाकू देत न्हाय."

"आणि मी हात वर केलाच न्हाय तर?"

"तर तो उभाच."

"किती वेळ?"

आप्पांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "एकदा ज्ञानूची शिंक अडकलती. डोळं मिटून, नाक वर करून बसलेला. अंपायर उभा, बोलर उभा, बॅट्समन बॅट टेकून उभा. अख्खं मैदान ज्ञानूच्या शिंकेची वाट बघतंय."

"आली का मग?"

"आली. तिकडं बोलर दचकला."

ती मोठ्यानं हसली. त्या शेडमध्ये असं हसणं दोन वर्षांत झालं नव्हतं. आप्पांनी उगीचच पेनाला टोपण लावलं आणि परत काढलं.

ते तिला मुद्दाम चुकीचा आकडा सांगत. "चौसष्ट." ती म्हणे, "त्रेसष्ट, आप्पा." मग ते म्हणत, "बास. असंच. समोरचा कितीबी मोठा असू दे, आपली वही सोडायची न्हाय."

प्रात्यक्षिक परीक्षेला खरी मॅच होती, तीस ओव्हरची. कागलच्या टीमनं एकशे त्रेचाळीस केले. जोतिबा रोडची टीम पाठलागाला उतरली. डाव्या खुर्चीवर स्नेहल बसली. सकाळभर दोघांचे आकडे जुळत गेले आणि आप्पांना वाटलं, आता हे असंच चालणार.

तेविसाव्या ओव्हरला बॅट्समन दोन रन पळाले. त्यातल्या पहिल्या रनला एकाची बॅट क्रीजला टेकलीच नाही. अंपायर विजयसिंहांनी हात वाकवून बोटं खांद्याला लावली. म्हणजे एक रन शॉर्ट, दोनातला एकच धरायचा. स्नेहलनं हात वर केला. विजयसिंहांना हात दिसला, खेळ पुढं सुरू झाला.

आप्पांची मान वहीत होती.

"एकशे पाच," आप्पा म्हणाले.

"एक शॉर्ट दिला, आप्पा. एकशे चार," स्नेहल म्हणाली.

पण तिचं बोलणं पुरं होण्याआधीच आप्पांच्या नाकातून उत्तर येऊन गेलं होतं. "एकशे पाच." आणि पेन चाललं होतं.

ओव्हर संपल्यावर ती पुन्हा म्हणाली, "एकशे चार." पुन्हा तेच झालं. तिला वाटलं, परीक्षा घेतायत. ती गप्प बसली आणि आपली वही तिनं सोडली नाही.

मॅच संपली तेव्हा आप्पांच्या वहीत एकशे त्रेचाळीस होते, तिच्या वहीत एकशे बेचाळीस. एक वही म्हणत होती मॅच टाय, दुसरी म्हणत होती कागल एका रननं जिंकलं. दोन्ही टीमा शेडभोवती गोळा झाल्या.

अमरसिंहांनी दोन्ही वह्या पाहिल्या. "आप्पांची वही चुकत न्हाय. पोरगी नवी हाय. टाय झाली म्हणा आणि चला. दोन्हीबी टीमा खूश."

"शॉर्ट एक दिलतं मी," विजयसिंह म्हणाले. "कितव्या ओव्हरला ते आठवंना."

"दिलं असतं तर आप्पांना दिसलं असतं की," अमरसिंह म्हणाले.

स्नेहलनं आप्पांकडं पाहिलं. "मी दोनदा सांगितलं तुम्हाला."

"मग मी काय म्हटलं?"

"तुम्ही माझ्याआधीच उत्तर दिलंत. तुमचं तुम्हीच." ती अडखळली. "त्या दुसऱ्या आवाजात."

"कसला दुसरा आवाज?"

आप्पांनी विजयसिंहांकडं पाहिलं. विजयसिंह टोपीतला घाम पुसायला लागले. कागलच्या पोरांपैकी कुणीतरी नाकातून "एकशे पाच" म्हणालं आणि दोघंतिघं खुदखुदली.

"जाऊ द्या ओ आप्पा," अमरसिंह हलक्या आवाजात म्हणाले. "माणूस एकटं असलं की हुतंय तसं. आमी कोण मनावर घेत न्हाय."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आणि सगळे ऐकून घेत होते, दर रविवारी. आप्पांचे कान तापले. आपण काय काय बोललो असू, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. पण आठवला तो फक्त ज्ञानूचा आवाज, आणि तो तर खरा वाटत होता.

टाय म्हटलं की मिटत होतं. वही आप्पांची, शब्द आप्पांचा. फक्त मग पोरगी चुकलेली ठरत होती, आणि खुर्च्या हापिसात जात होत्या.

त्यांनी लाल पेन घेतलं. तेविसाव्या ओव्हरवर बोट ठेवून खाली सरकत गेले, प्रत्येक बेरीज एकानं कमी करत. सगळे उभे होते. घाई कुणी केली नाही. शेवटी त्यांनी सही केली.

"एकशे बेचाळीस. कागल एका रननं जिंकलं. चूक माझ्या वहीत हाय."

जोतिबा रोडच्या कॅप्टननं शिवी हासडली आणि किट उचललं. अमरसिंह टेबलाशी वाकले. "नियम ठाऊक हाय न्हवं? ज्याच्या वहीनं निकाल चुकतोय त्यानं वर्षभर टेबलावर बसायचं न्हाय."

"ठाऊक हाय. पोरांना मीच शिकवतोय तो."

"कशाला मग हे? मी मिटवत हुतो की."

"पोरगी पास हाय. तिच्या जोडीला वर्गातला तो राजवीर द्या. अंपायरिंगला उभं ऱ्हायला पाय दुखत्यात म्हणतोय, हितं बसंल. खुर्च्या उचलायच्या न्हाईत."

अमरसिंहांनी मान हलवली. होकार होता की वैताग, ते कळलं नाही. पण खुर्च्यांना कुणी हात लावला नाही.

सगळे गेल्यावर स्नेहल पिशवी खांद्याला लावून थांबली. "मला वाटलं तुम्ही परीक्षा घेताय. न्हायतर ओरडून सांगितलं असतं."

"बरोबर केलंस."

"मग तुम्ही कुठं बसणार आता?"

"गॅलरीत. तिथं जागा मोप हाय."

पुढच्या रविवारी आप्पा गॅलरीत बसले. पायऱ्या तापलेल्या. रुमाल दुमडून त्यावर बसावं लागलं. दुसऱ्याच बॉलला चौकार गेला. खाली बसलेल्या पाचसहा जणांच्या माना बॉलमागं वळल्या, आप्पांची अंपायरकडं. बॉल कुठं गेला, कुणी अडवायला धावलं का, त्यांनी पाहिलंच नाही.

अंपायरचा हात हलला. शेडमध्ये स्नेहलचा हात वर गेला. तिचे ओठ हलले, मग राजवीरचे. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं.

"चार," आप्पा म्हणाले.

मग तोंड मिटून बसले.