आरपीएमचा काटा शून्यावर होता

इथले असे गूढ अनुभव मी वाचते ते त्यात चूक कुठे आहे हे शोधायला. भोरमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, सवयच लागलीय. त्यामुळे आपणच कधी इथे काही लिहू असं वाटलं नव्हतं... आणि खरं सांगते, घाबरून लिहीत नाहीये. संतापून लिहितेय.

आमची डिझेल गाडी चालता चालता बंद पडायला लागली होती. पुण्याच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मालक म्हणाले, क्रँक सेन्सर गेलाय, नवा टाकतो. इंजिन फिरतंय की थांबलंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा हा बोटभर पार्ट. त्याच्याकडून खबर आली नाही तर कॉम्प्युटर डिझेल सोडतच नाही. संध्याकाळी गाडी मिळाली, बिलावर 'नवीन सेन्सर' असं लिहिलेलं. मी जुना पार्ट मागितला, तर म्हणाले भंगारात गेला. मी ऐकून घेतलं. त्याबद्दल मला अजून स्वतःचाच राग येतो.

त्यानंतरच्या रविवारी मी वेल्ह्याला गेले. गावाबाहेर माझे सासू-सासरे राहतात. नवरा ऑफिसच्या कामाने नागपूरला होता. सकाळी अकराच्या सुमाराला आप्पा, म्हणजे माझे सासरे, बांधावरचं गवत कापायला गेले आणि तिथल्या सावरीच्या झाडावरचं आग्या मोहोळ उठलं. शेजाऱ्यांनी घोंगडीत गुंडाळून त्यांना घरी आणलं तेव्हा डोळे सुजून मिटले होते आणि जीभ जड झाली होती.

वेल्ह्याच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. पण ब्लड प्रेशर खाली येत होतं. डॉक्टर म्हणाले, आयसीयू लागेल, महामार्गावरच्या मोठ्या हॉस्पिटलला न्या. अॅम्ब्युलन्स नुकतीच एक बाळंतीण घेऊन गेलेली, दुसरी यायला पाऊण तास लागणार होता. मी गाडी दारात आणली. मागच्या सीटवर आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन आई, म्हणजे सासूबाई, बसल्या, एका हातात सलाईनची बाटली उंच धरून.

बाजारपेठ संपली तिथे गाडीला मोठा हिसका बसला. आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर आला, इंजिनचा दिवा लागला. वाटलं, आता बंद पडणार. पण पडली नाही. अॅक्सिलरेटर दाबला तशी पळाली. काटा मात्र शून्यावरच. मीटर बिघडला असेल म्हणून मी तिकडे बघायचं सोडून दिलं आणि हॉर्नवरचा हात काही उचलला नाही.

मार्गासनीच्या अलीकडे चढावर एक ट्रॅक्टर आडवा आला. मी पूर्ण थांबले आणि पहिल्या गिअरमध्ये परत निघाले. हे मुद्दाम सांगतेय, कारण उतारावर गाडी घरंगळत आली असेल असं शहाणपण शिकवणारे मला पुष्कळ भेटलेत.

हॉस्पिटलच्या दारात आप्पांना स्ट्रेचरवर घेतलं. गाडी बाजूला लावायला म्हणून मी किल्ली फिरवली, तर चालूच होईना. वॉचमनने आणि दोघातिघांनी ढकलून ती कडेला घेतली.

आप्पा वाचले. तीन दिवस आयसीयूत होते, पण वाचले.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून कापूरहोळला रफिकभाईंच्या गॅरेजवर नेली. आयुष्य गाड्यांखाली गेलेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. सेन्सर जुनाच होता, फक्त पुसून बसवलेला. त्याच्या वायरची क्लिप मोडलेली म्हणून काळ्या टेपने गुंडाळली होती. टेप सुटून वायर सायलेन्सरच्या पाइपवर पडली होती आणि तिचं टोक वितळून गोळा झालं होतं. स्कॅनर लावला. सेन्सरचा सिग्नल कितव्या किलोमीटरला तुटला तेही त्यात येतं. तो आकडा आणि मीटरवरचा आकडा यांत छत्तीसचा फरक होता. वेल्ह्याच्या बाजारपेठेपासून हॉस्पिटलपर्यंतचं अंतर तेवढंच. म्हणजे वेल्ह्यातच तुटलेला.

रफिकभाईंनी ते वितळलेलं टोक बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "म्याडम, ही वायर अशी असताना तुमी गाडी चालवत आनली म्हनता, त्ये मला न्हाई पटत. तुमी खोटं बोलताय असं बी न्हाई म्हनत म्या."

त्यांनी वायरचं टोक बदललं, नवा सेन्सर बसवला. गाडी पहिल्या किल्लीत चालू झाली. मी त्यांना चालू इंजिनवर वायर काढायला सांगितली. इंजिन जागच्या जागी मेलं. चार वेळा करायला लावलं, चारही वेळा तेच. दुसऱ्या एखाद्या सेन्सरवर काही गाड्या रखडत चालतात, असं ते म्हणाले. ही त्यातली नाही.

हे घरी सांगितल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "म्हंजी माजे कान बसले न्हवते. बाजारपेठ सोडल्यापासनं हॉर्नबिगर गाडीचा आवाजच न्हवता गं." आणि मेंगाईदेवीची ओटी भरायची तयारी करायला उठल्या. मी अडवलं नाही. पण नंतर जो येईल तो हेच... देवीने आणलं, पुण्याई कामाला आली, आता सोडून दे, कशाला वाईटपणा घेतेस. अरे, कशाला म्हणजे? मांडीवर माणूस जात होता!

मी तो जुना सेन्सर आणि वायरचं जळकं टोक घेऊन त्या पहिल्या गॅरेजवर गेले. मालकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सेन्सर नसेल तर ही गाडी चालतच नाही, बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर.

"आणि तुम्ही पेशंट घेऊन हॉस्पिटलला पोचलात. म्हणजे सेन्सर चालू होता, मॅडम. वायर नंतर कुणी जाळली, मला काय माहीत?"

वर्गात मी हेच तर शिकवते, की निष्कर्ष असा काढायचा. त्याच्या बोलण्यात मला चूक दाखवता येईना. त्या माणसाने केलेल्या फसवणुकीवर पांघरूण घातलं ते आमच्याच वाचण्याने... आणि आम्हाला कशाने वाचवलं हे मी त्याला सांगू शकत नव्हते, तुम्हालाही सांगू शकत नाही.

ग्राहक मंचात तक्रार केली आहे. अर्जात मी सगळं लिहिलं, सिग्नल तुटल्यानंतरही गाडी छत्तीस किलोमीटर चालली हेसुद्धा. वकील म्हणाले, एवढं वाक्य काढा, गाडी वेल्ह्यातच बंद पडली असं लिहू, नाहीतर केस पहिल्याच तारखेला पडेल. रफिकभाईसुद्धा म्हणाले की काढा.

मी ते वाक्य काढलं नाही. खोटं लिहिलं ते त्याने, बिलावर. मी कशाला लिहू?