ध्रुवाची दोरी

तुमच्या या गूढ अनुभवांच्या सदरावर चिडून मी याआधी दोन पत्रं पाठवली आहेत. दुसऱ्यात तर 'लोकांना घाबरवून अंक खपवू नका' असं सरळ लिहिलं होतं. तुम्ही ते छापलं नाहीत... असो. हे तिसरं. आणि या वेळी अनुभव माझाच आहे. हसा खुशाल.

आमचं घर कोरेगावचं. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला, तेव्हाच गंडेदोरे घराबाहेर गेले. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते — अंगात येण्यावर, भानामतीवर, ग्रहणात उपाशी ठेवल्या जाणाऱ्या गरोदर बायकांवर. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभी राहून वाटते. 'याचं कारणच सापडत नाही' असं कुणी म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं — शोधलं नाही म्हणून!

हे यंदाच्याच, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यातलं. धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता आणि लोक पोरांना घरात कोंडत होते. अपशकुन म्हणे! माझं डोकंच फिरलं. पत्रक वाचून भीती जात नाही, आकाश बघून जाते. म्हणून कवठे महांकाळजवळच्या एका गावाच्या माळावर आम्ही 'आकाशखोपी' बांधायला घेतली. चार माणसं झोपतील एवढीच. भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. छप्पर कडब्याचं, दोघांनी ढकललं की बाजूला सरकणारं. वीज नाही, कंदिलाला लाल कागद. उत्तरेच्या भिंतीत एक पाइप, सतरा अंश तिरका. आपल्याकडं ध्रुव तेवढाच वर असतो. समोरच्या दगडावर बसून पाइपातून बघितलं की पोराला ध्रुव दिसलाच पाहिजे. सगळं डिझाइन माझं.

गवंडी होते बाळूतात्या. वीस वर्षं फौजेतही गवंडीकामच केलेले, गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. मी होकायंत्र लावून उत्तर-दक्षिण दोरी ताणली, तेव्हाच ते म्हणाले, "ताई, एक डाव रातच्याला थांबून धुरू बघा, मग दोरी मारा. फौजेत बी आमी तसंच करायचो."

"तात्या, हे शास्त्र आहे," मी होकायंत्र दाखवलं. "तालुक्याला मुक्कामाला परतायची शेवटची एसटी साडेपाचला आहे माझी."

दुसऱ्या दिवशी आले, तर उत्तरेची खुंटी दोन विती उजवीकडं सरकलेली. मी परत जागेवर ठोकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच! मग माझा तोल गेला. चावडीसमोर, पाचपंचवीस माणसांच्या देखत मी तात्यांना म्हणाले, "तुमचंच खरं करायला तुम्ही रात्री खुंटी हलवता. लोकांना चमत्कार दाखवून उल्लू बनवता. हा लबाडपणा आहे!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. तात्यांचा चेहरा उतरला. खिशातनं थापी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली.

"चाळीस वरसं ही हातात हाय. लबाड कुणी म्हनलं न्हवतं. आज तुमी माळावर ऱ्हावा. मी हलीवली आसंल तर ही तुमची, पुन्यांदा कुनाच्या भितीला हात लावनार न्हाई. न्हाईतर हितंच, ह्याच मान्सांफुडं, माफी मागायची."

"मागेन!" मी म्हणाले. माझी खातरीच होती ना...

त्या दुपारी मी खुंटीचा नादच सोडला. उत्तरेच्या टोकाला उघडा खडक होता. छिन्नी-हातोडा घेऊन त्यात मी स्वतः चार बोटं खोल भोक पाडलं. तीन तास लागले, तळहाताला फोड आले. त्यात लोखंडी सळई बसवली, सिमेंट भरलं, दोरी आवळली आणि दोरीच्या खाली फक्कीची पांढरी रेघ ओढली. तात्यांना दहा पावलं लांब बसवलं. मध्ये त्यांची बायको, काकी, भाकरी घेऊन. मी सळईच्या शेजारी, हाताच्या अंतरावर.

"आरोपीला भाकरी चालंल का गं?" काकींनी विचारलं.

"कोरड्यास बी दे म्हनावं," तात्या तिकडनं.

साडेपाचची एसटी धूळ उडवत गेली. दिवस बुडाला. माळावर एक दिवा नाही... आणि काकी ओरडल्या, "आगं, त्ये बघ की! केवढी शेपूट!"

मी मान वळवली. स्टँडच्या ट्यूबलाइटखालून पाहिलेला पुसट ठिपका हा नव्हेच! शेपटीसकट लखलखीत, क्षितिजावर तिरका उभा. आम्ही तिघं बघत राहिलो. मिनिटभर असेल, फार तर दोन. ठोकल्याचा, घासल्याचा, कसलाही आवाज नाही. तात्या माझ्या डोळ्यांसमोरच बसलेले.

परत वळले. पांढरी रेघ जशीच्या तशी, कुठं पाऊल नाही, पुसलेली नाही. दोरी मात्र त्या रेघेवर नव्हती! दोन विती उजवीकडं, ताठ. टोकाला माझी सळई, भोवती माझंच सिमेंट. मी दक्षिणेच्या खुंटीमागं पालथी पडून दोरीवरनं नजर लावली. सळईच्या बरोब्बर डोक्यावर ध्रुव.

भीती? छे! मी उड्या मारत होते. काकींना मिठी मारून ओरडत होते, "बघा, बघा!"

तात्या अजून बसूनच. "आवं ताई, आरोपी उठू का?"

बॅटरी लावून जुनी जागा शोधली. रेघ जिथं संपत होती तिथं खडक सपाट. भोक नाही. छिन्नीचा ओरखडासुद्धा नाही.

सकाळी होकायंत्र घेऊन सगळा माळ फिरले. त्या खडकाजवळ सुई भरकटते, पन्नास पावलं लांब गेलं की सरळ होते. खडकात लोह असणार. म्हणजे मी का चुकले ते सापडलं. आकाश बघायची खोपी बांधणारी मी, आणि एकदाही आकाश बघायला थांबले नव्हते! पाइप चुकीचा बसला असता, पोरांना ध्रुव दिसला नसता आणि वर तात्यांनाच बोल लागला असता.

चावडीवर त्याच माणसांपुढं हात जोडून माफी मागितली. तात्यांनी थापी खिशात घातली आणि म्हणाले, "चला, उनं व्हायच्या आत येक थर हुईल."

चळवळीतले मित्र म्हणतात, हे छापू नकोस, बुवाबाजीवाल्यांना कोलीत मिळेल. का छापू नको? डोळ्यांनी पाहिलेलं लपवायचं, ही कुठली विज्ञाननिष्ठा? मी भूत म्हणत नाही, देव म्हणत नाही. सळई कशी सरकली ते मला माहीत नाही, एवढंच म्हणते. महिनाभर शोधतेय. माझ्या तळहातावर फोडांचे वण आहेत आणि त्या खडकावर भोक नाही.

खोपी उभी आहे, पाइपातून ध्रुव दिसतो. कुणाला कारण सापडेल असं वाटत असेल तर जरूर या. फक्त साडेपाचच्या एसटीनं परत जाऊ नका.