लीलाआत्या आणि तिसरा मजला

लीलाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या दवाखान्यात एका आजोबांकडून पायाचे व्यायाम करून घेत होते. तिचा मुलगा सुरेश एवढंच म्हणाला, "आई झोपेतच गेली गं... डोंबिवलीला, तिच्या घरात." मला रडू आलं आणि बरंही वाटलं. त्या घरासाठी बाई कशी भांडली होती, ते मी पाहिलं होतं.

ते भांडण झालं तेव्हा एकोणीसशे ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सत्तरीची आत्या न्हाणीघरात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर सुरेशने तिला कल्याणला आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेलं. हाड छान जुळलं. पाय मात्र आमच्या सगळ्यांच्या मायेने वाळवला. पाण्याचा पेलासुद्धा हातात, वर "तुम्ही उठू नका हो". डोंबिवलीचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, तेव्हा ते विकायचं असं सुरेशने ठरवूनही टाकलं. आत्या म्हणाली, "गणपतीपर्यंत थांब. माझ्या पायांनी वर चढले तर घर राहील. नाहीतर खुशाल वीक."

मग मी फिजिओथेरपिस्ट म्हणून कामाला लागले. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. आत्याने ते देवपूजेसारखं धरलं, एक दिवस खाडा नाही. सुरुवातीला फरक पडला, मग सगळं अडलं. पाय ठणकायचे, जोर वाढेना. "मला बरी करत्येस की मोडत्येस?" तिने विचारलं. मी सांगितलं, व्यायामाने स्नायूंचे धागे बारीकसे उसवतात. मग शरीर वाढीचे घटक, म्हणजे निरोप्यासारखी द्रव्यं सोडतं, ते झोपलेल्या पेशींना उठवतात आणि त्या पेशी धागे सांधतात, आधीपेक्षा घट्ट. म्हातारपणी पेशी उशिरा उठतात, पण उठतात. फक्त त्यांना विश्रांती हवी आणि तुझ्या पोटात डाळ-दूध हवं... बोलता बोलता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. बाईचे सोमवार, गुरुवार, शनिवार उपास! व्यायाम रोज आणि जेवण दिवसाआड. मी भडकलेच. "अगं, गवंडी बोलावत्येस आणि सिमेंट कुलपात ठेवत्येस!"

"देवाला शब्द दिलाय मी," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी मात्र निकाल तयार होता. "त्या तीन वारांना माझे पाय उपास करतील, व्यायाम बंद. मी जेवीन. देवाचं माझं मी बघते." नातेवाइकांनी नाकं मुरडली, हिने मुगाची उसळ मागून घेतली.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही डोंबिवलीला गेलो. दुसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली, पाय लटपटायला लागले. सुरेश धरायला पुढे झाला. "हात लावलास तर खाली जाऊन पुन्हा पहिल्यापासून चढेन," ती म्हणाली. तो मागे सरला. बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली, मग चढली. दार तिनेच उघडलं. त्यानंतर दहा-बारा वर्षं, अगदी शेवटपर्यंत ती तिथेच, एकटी आणि ऐटीत राहिली.

दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही घर आवरायला घेतलं. स्वयंपाकघराच्या माळ्यावर चिनी मातीची मोठी बरणी होती, यंदाच्या कैरीच्या लोणच्याने गच्च भरलेली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली. सुरेश स्टुलावर चढला, त्याला ती जागची हलेना. शेवटी आम्ही दोघांनी मिळून कशीबशी उतरवली. "वर कोणी चढवली असेल गं?" त्याने विचारलं, आणि उत्तर कळल्यावर स्टुलावरच बसून हमसून हमसून रडला.