कापसात ठेवलेला सीपीयू

चार स्क्रू काढले, झाकण ओढलं, आणि आतून मूठभर कापूस बाहेर आला.

यवतमाळात कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ज्या डब्याला लोक सीपीयू म्हणतात, त्याला आम्ही कॅबिनेट म्हणतो. कॅबिनेटमध्ये मी झुरळं पाहिली, पाली पाहिल्या, एकदा तर उंदराची पिल्लंही निघाली. पण कापूस पहिल्यांदाच. पंखा तंतूंनी पार गुंडाळून गेला होता आणि फिरायचा कधीच बंद झाला होता.

"सर, हा डबा ठेवला कुठे होता?"

समोरच्या बाकावर बाभुळगावचे सर आणि काकू बसले होते. सातवीत सरांनी मला गणित शिकवलं. शिकवलं म्हणजे कान पिरगाळून डोक्यात घातलं. वर्षभरापूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. ज्याच्या आवाजानं शेजारचा वर्गसुद्धा चिडीचूप व्हायचा, तो माणूस आता गळ्याला रुमाल बांधून, मांडीवर पाटी घेऊन बसला होता. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'तुझ्याच सूचनेप्रमाणे.'

मी काकूंकडे पाहिलं.

"तूच त सांगतलं होतं ना प्रमोद, डिस्कले धक्का लागू देऊ नका म्हणून? यंदा भाव नाही, म्हणून कापूस इकला नाही, समोरच्या खोलीत भरून ठेवला. यायनं म्हंतलं, याच्याहून मऊ जागा कुठं भेटन? मंग कापसात खड्डा केला अन् डबा बसवून देल्ला."

"बाप्पा! काकू, आग लागली असती ना!" मी कपाळावर हात मारून घेतला.

ती वर्षंच तशी होती. आज ना उद्या भाव येईल म्हणून लोक छतापर्यंत कापूस भरून ठेवत आणि स्वतः ओसरीत झोपत. भाव काही येत नसे. पण कापसातला कॉम्प्युटर मी तेवढा एकच पाहिला, आणि तो माझ्या सल्ल्यानं तिथे गेला होता.

डिस्क बाहेर काढून माझ्या मशीनला जोडली. कानाला लावली. टक्, टक्, टक्. हा आवाज ऐकला की आमच्या धंद्यातला माणूस चेहरा सांभाळायला लागतो. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावरून, न टेकता, एक बारीक सुई फिरते. ती लिहिते, तीच वाचते. ती चुकायला लागली की असा टकटकाट होतो. काही डिस्क दहा वर्षं चालतात, काही दोन वर्षांत जातात, सांगून कोणतीच जात नाही. ही तर महिनोन्महिने गरम रजईत कोंडलेली.

"आत काय आहे सर? महत्त्वाचं?"

उत्तर मला माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे सर रोज माइकसमोर बसले होते. पुण्याला असलेल्या त्यांच्या लेकीला, संध्याला, तेव्हा दिवस गेले होते. नातवंडानं आजोबांचा आवाज ऐकावा म्हणून त्यांनी चौदा गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. नात आता सात महिन्यांची झाली होती. तिच्यासाठीचा आजोबा त्या टकटकणाऱ्या डिस्कमध्ये होता.

"दुसरीकडे कॉपी आहे ना?"

सरांचा चेहरा फुलला. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'दोन ठिकाणी. सी आणि डी.'

सी आणि डी म्हणजे दोन डिस्क नव्हेत. एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट जळालं की दोन्ही कप्पे जातात. आणि हे कप्पे पाडले होते कोणी? मीच. 'सर, महत्त्वाचं असेल ते दोन ठिकाणी ठेवा' हे फोनवर सांगितलं कोणी? तेही मीच. वर्गात सर म्हणायचे, अर्धं उत्तर म्हणजे शून्य मार्क. मी पुन्हा तेच केलं होतं.

हे त्यांना सांगताना मी खाली पाहून बोललो. सरांनी पाटी पुसली. लिहिलं, 'प्रयत्न कर.'

डिस्क थंड असली की पाव तास चालायची, मग गायब. म्हणून टेबल फॅन लावला, एका वेळी एकच गोष्ट कॉपी करायची, मग डिस्क बंद करून थंड होऊ द्यायची. दोघं रोज एसटीनं यायचे. या म्हटलं नव्हतं, पण यायचे. काकू डब्यात माझ्यासाठी भाकरी आणि झुणका आणायच्या. चौथ्या दिवशी दुपारी डिस्कनं मान टाकली. चौदापैकी पाच गोष्टी निघाल्या होत्या.

"पाचच, सर. माफ करा."

सरांनी पाटी बाजूला ठेवली. बोलल्या त्या काकूच.

"असू दे बाबू. पोरीले पाच भेटल्या, लय झालं. मले त गोष्टी नव्हत्याच पायजे. गोष्टीत हे पुस्तकावानी बोलतात. माह्यासंग असं कधी बोलले नाहीत. मले यायची हाक पायजे होती. इतकी वर्सं 'संध्याची माय' म्हणून बोंबलत घरात येत. आता टाळी वाजवतात. कोणाची टाळी समजत नाही, कोणीबी वाजवली तरी मी धावत जातो."

हाक म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

हा कॉम्प्युटर सरांनी माझ्याकडूनच घेतला होता, संध्याशी इंटरनेटवर बोलता यावं म्हणून. माझी पद्धत अशी की नवीन मशीन ग्राहकाच्या हातात देण्याआधी सगळं तपासायचं आणि त्या वेळी सीमध्ये जे असेल त्याची जशीच्या तशी नक्कल सीडीवर उतरवून ठेवायची. पुढे विंडोज बिघडलं तर सगळं परत घालायची कटकट वाचते. त्या दिवशी इथेच दुकानात माइक तपासताना मी सरांना म्हटलं होतं, "सर, काहीही बोला."

कपाटातले सगळे डबे उपसले. सरांच्या नावाची सीडी सापडली, वर चरे पडलेले. ड्राइव्हमध्ये घातली. ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो. फोल्डर उघडलं. 'टेस्ट' नावाची छोटीशी फाइल होती. दाबली.

"अवो संध्याची माय! उन्हात काहून बसली वो बाहेर? अंदर ये ना. हे पोट्टं मले डब्बीत बोलाले लावून राह्यलं!"

"आली, आली ना!" म्हणत काकू बाकावरून उठल्या.

दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. स्पीकरकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी हात पुढे केला, काकू तो धरून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडलो, त्यात लाजायचं काय? मग काकू म्हणाल्या, "आणखीन एकदा लाव." मी सात-आठ वेळा लावलं.

निघताना सरांनी पाटी माझ्यापुढे धरली. 'अर्धे मार्क.' त्यांनी अर्धे मार्क दिल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या हाकेची एक सीडी काकूंकडे, एक पुण्याला आणि एक माझ्या कपाटात. तेव्हापासून मी कोणत्याच ग्राहकाला 'दोन ठिकाणी ठेवा' असं सांगत नाही. 'दुसऱ्याच्या घरी ठेवा' असं सांगतो. आणि त्या घरात कापूस नाही ना, हेही विचारून घेतो.